एका ‘बे’मध्ये स्वर्ग, एका ‘बे’मध्ये नरक

सोलापुरात ‘बे’ कसा वापरायचा हे कुणी शिकवत नाही. बऱ्याच दिवसांनी भेटलेला मित्र ‘काय बे, हैस कुठं?’ म्हणत पाठीत धपाटा घालतो तेव्हा चहाचे पैसे आपणच द्यावेत असं वाटतं. तोच ‘बे’ चारचौघांत, वेगळ्या सुरात आला की कानशिलं तापतात. बाहेरगावाहून इथं नोकरीला आलेल्या माणसाला हा फरक कळायला वर्ष लागतं. इथल्या पोराला तो पाचव्या वर्षीच कळतो.

मला तो दुसऱ्या प्रकारचा ‘बे’ मागच्या वर्षी मार्चमध्ये ऐकावा लागला. वडिलोपार्जित घराच्या वाटणीची बोलणी चालली होती. चुलते, दोन्ही आत्या, सगळे बसलेले. वडिलांच्या आजारपणात कुणी किती खर्च केला हा विषय निघाला, मी बोलायला तोंड उघडलं आणि अण्णा, माझा थोरला भाऊ, माझ्याकडं न बघताच म्हणाला, ‘तू गप बस बे. तुला काय कळतंय त्यातलं?’

तीन सेकंदांचं वाक्य. पुढचे अकरा दिवस मी जिथं राहिलो त्या जागेला नरक हाच शब्द बरोबर बसतो. घर तेच होतं, कामावर जायचा रस्ता तोच. ताटात कडक भाकरी आणि शेंगा चटणी होती, जी मला एरवी कुठल्याही पक्वान्नापेक्षा प्यारी. पण घास तोंडात फिरत राहायचा. रात्री अडीचला डोळे उघडायचे आणि मी छताकडं बघत अण्णाला उत्तरं देत पडायचो.

स्वर्ग आणि नरक मनातच असतात हे आपण कीर्तनापासून मोबाईलवरच्या सुप्रभात संदेशापर्यंत सगळीकडं ऐकतो. मला ते खरं वाटतं. पण नुसतं ऐकून हाती काही लागत नाही, कारण मन त्या वेळी नेमकं काय करतं ते कुणी सांगत नाही. त्या अकरा दिवसांनंतर मी ते समजून घ्यायच्या मागं लागलो. जे कळलं ते इथं मांडतोय.

आपल्या भाषेला ही गोष्ट आधीपासून ठाऊक आहे. पोरगं दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालं की बापाला ‘स्वर्ग दोन बोटं उरतो’. दारू पिणाऱ्या नवऱ्यानं ‘घराचा नरक केला’ असं शेजारीण सांगते तेव्हा तो कुठल्या लोकातला नरक, असं कुणी विचारत नाही. मराठी माणूस मेल्यानंतरच्या स्वर्गाबद्दल जेवढं बोलतो त्याहून कितीतरी जास्त वेळा हे शब्द जिवंतपणीच्या अवस्थांसाठी वापरतो.

जागा न बदलता अवस्था किती झटक्यात बदलते याचा अनुभव मी एकदा गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, घेतला. संक्रांतीचे दिवस, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही, पाळण्यांचे दिवे, भाजलेल्या शेंगांचा वास. मुलगी माझ्या बोटाला धरून चाललेली. खेळण्यांच्या दुकानापाशी मी खिशातून पैसे काढायला हात सोडवला, आणि वळून बघतो तर ती नाही. चार-पाच मिनिटांत सापडली, दोन दुकानं सोडून बांगड्या बघत उभी होती. पण त्या चार-पाच मिनिटांत तेच दिवे डोळ्यांत खुपत होते, तेच कर्णे छातीवर आदळत होते. सापडल्यावर मी तिला कडेवर घेतलं आणि सगळी गर्दी मला सोयऱ्याधायऱ्यांची वाटायला लागली. मैदानावरचा एक दिवासुद्धा हलला नव्हता.

तो नरक भास होता, असं मात्र मी म्हणणार नाही. भीती खरी होती, कारणही खरं होतं. मनाची अवस्था म्हणजे खोटी गोष्ट, असा अर्थ काढायचा नसतो. ताप हीसुद्धा शरीराची अवस्थाच असते.

आता जुन्या ग्रंथांकडं बघू. मेल्यानंतरच्या लोकांवर श्रद्धा ठेवणं न ठेवणं ज्याचं त्याच्याकडं. पण ज्यांनी नरकाची वर्णनं लिहिली ते माणसाच्या मनाचे बारकाईनं अभ्यास केलेले लोक होते, हे ती वर्णनं सावकाश वाचली की जाणवतं. भागवताच्या पाचव्या स्कंधात, 26व्या अध्यायात, 28 नरक मोजलेत. त्यातला रौरव बघा. माणसानं इथं ज्या जिवांना छळलं, तेच जीव तिथं ‘रुरू’ नावाचे भयंकर प्राणी होऊन त्याच्यावर तुटून पडतात. बाहेरचा कुणी शिक्षा करत नाही, आपणच केलेलं आपल्याला चावतं. आईला म्हातारपणी टाकून बोललेला मुलगा ती गेल्यावर वर्षानुवर्षं कशात जळतो ते आपण पाहिलेलं असतं. अंधतामिस्र नावाच्या नरकात माणूस मुळं तोडलेल्या झाडासारखा होतो, त्याला दिसेनासं होतं, बुद्धी चालेनाशी होते. खोल निराशेत गेलेल्या माणसाचं याहून नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही.

गीतेत याबद्दल दोन जागा फार कामाच्या आहेत. सोळाव्या अध्यायातल्या 21व्या श्लोकात काम, क्रोध आणि लोभ यांना नरकाची तीन दारं म्हटलंय. दार हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण दारातून आत आपण आपल्या पायांनी जातो. दुसरी जागा दुसऱ्या अध्यायातली, 62 आणि 63 हे श्लोक. तिथं एक साखळी दिली आहे. एखादी गोष्ट मनात घोळवत राहिलं की तिच्यात मन गुंततं, गुंतण्यातून इच्छा, इच्छेतून राग, रागातून गोंधळ, गोंधळातून स्मृती बिघडते, स्मृती बिघडली की बुद्धी जाते आणि मग माणूस हातचा जातो. आपण सगळे लक्ष रागावर ठेवतो. पण साखळीची पहिली कडी घोळवणं ही आहे. माझ्या अकरा दिवसांचा सगळा कारखाना त्या पहिल्या कडीवर चालला होता.

कारखाना हा शब्द सोलापुरात आपोआप येतो. आमच्या पूर्व भागात अजूनही काही गल्ल्यांत दिवसभर यंत्रमागांचा आवाज असतो. माझ्या घरामागं एका मामांचा चादरीचा कारखाना आहे. आंध्र-तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांपैकी त्यांचं घराणं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. लहानपणी मी तिथं तासन् तास उभा राहायचो. ताणा म्हणजे उभं सूत, बाणा म्हणजे आडवं. आडवं सूत घेऊन धोटा डावीकडून उजवीकडं जातो, उजवीकडून डावीकडं येतो. एक फेरी म्हणजे काहीच नाही, केसाएवढी जाड रेघ. पण धोटा थांबत नाही, आणि दुपारपर्यंत अंगावर घ्यायची चादर तयार होते.

दुखावणारा विचार असाच विणला जातो. मानसशास्त्रात याला जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ रवंथ असा होतो, गाय गिळलेलं वैरण परत तोंडात आणून चघळते तसा. यात शरीरात काय घडतं? मेंदूच्या आत, कानांच्या साधारण पातळीवर, बदामाएवढे दोन भाग आहेत. त्यांना अमिग्डाला म्हणतात. धोका आहे असं वाटलं की ते घंटा वाजवतात, ॲड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, हातापायांकडं रक्त धावतं. समोर साप असेल तर ही व्यवस्था जीव वाचवते. साप निघून गेला की शरीर थोड्या वेळानं शांत होतं. अपमानाच्या बाबतीत मात्र साप जातच नाही, कारण आपण त्याला आठवणीतून परत बोलावतो. आणि आठवलेल्या सापानंही छाती धडधडते. अण्णा ते वाक्य एकदा बोलला. मी ते त्या अकरा दिवसांत किती वेळा ऐकलं असेल? शंभर तरी. प्रत्येक वेळी शरीरानं नव्यानं तयारी केली, ताणाचं रसायन असलेलं कॉर्टिसॉल वाढवलं, झोप मोडली. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड, चिडचिडीतून बायकोशी तुटक बोलणं, आणि मग रात्री विचार करायला आणखी एक कारण.

यात एक गोष्ट आणखी वाईट होते, ती मला फार उशिरा कळली. तिच्याकडं परत येतो.

रवंथ नेमका कधी सुरू होतो? हात कामात आणि डोकं मोकळं असताना. हे सोलापूरच्या विडी कामगार बायकांना कुणी समजावून सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, कात्री, दोरा. दिवसाला हजार विड्यांचं काम. बोटं इतकी सरावलेली असतात की डोळे मिटूनही पान वळलं जातं. ‘हात इडीत अन् डोस्कं माहेरी’ असं आमच्या गल्लीतली एक मावशी म्हणायची. तिचं ऐकलेलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलंय: एकटीनं घरात बसून विड्या वळल्या तर हजाराचा डोंगर वाटतो, ओट्यावर चौघींत बसून वळल्या तर दिवस कधी मावळला कळत नाही. पान तेच, तंबाखू तोच, मजुरीही तीच.

2010 साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी, किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी, हेच आकड्यांत मांडलं. 2,250 माणसांच्या फोनवर दिवसभरात मधूनच विचारणा यायची: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का दुसरीकडं, आणि कसं वाटतंय? जागेपणीच्या जवळपास 47 टक्के वेळा मन दुसरीकडंच होतं. आणि मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती, हातातलं काम कंटाळवाणं असलं तरीही. माणूस काय करतोय यापेक्षा त्याचं मन कुठं आहे यावरून त्याच्या सुखाचा अंदाज जास्त बरोबर येत होता. मावशीला हे ओट्यावर बसून माहीत होतं. चौघींच्या गप्पा मनाला इथं बांधून ठेवत होत्या, त्याला जुन्या जखमांकडं जायला फुरसत मिळत नव्हती.

स्वर्गाचं गणित वेगळं आहे आणि त्यावर मी थोडक्यात बोलणार आहे, कारण नरकाइतकं ते गुंतागुंतीचं नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात म्हटलंय की विशाल स्वर्गलोक भोगून झाला, पुण्य संपलं, की माणसं परत मर्त्यलोकात येतात. स्वर्ग झिजतो. मामांच्या कारखान्यात पहिल्यांदा गेलेला माणूस कानांवर हात ठेवतो. मामांना तो आवाज ऐकूच येत नाही. लाईट गेली, माग बंद पडले, की मात्र ते दचकून वर बघतात. मनाला सतत मिळणारी गोष्ट ऐकू येईनाशी होते, मग ती त्रासाची असो की सुखाची. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांना आणि इतर सामान्य माणसांना तेच प्रश्न विचारले होते. जिंकलेले लोक इतरांपेक्षा फारसे जास्त सुखी नव्हते. उलट सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. म्हणून आपला रोजचा स्वर्ग आपल्याला बहुतेक वेळा दिसत नाही. तापातून उठल्यावर पहिला घोटभर चहा, मेच्या 43 अंशांनंतर संध्याकाळी आलेला वळीव, एवढ्यापुरती लाईट जाते, माग थांबतो आणि ऐकू येतं.

आता मुद्द्याच्या अशा भागाकडं येतो ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मन म्हटलं की आपण ते एका माणसाच्या कवटीत आहे असं धरतो. मग उपदेशही तसाच येतो: तुझा नरक तू केलास, तूच त्यातून नीघ. हे अर्धंच खरं आहे. दुसरं अर्धं सांगणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. मंगळवेढ्यात बाराव्या शतकात बसवेश्वर होते, पुढं ते कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले. सोलापुरात ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांना त्यांचं एक वचन पाठ असतं. देवलोक आणि मर्त्यलोक वेगळे नाहीत, असं ते सांगतात. खरं बोलणं हाच देवलोक, खोटं बोलणं हाच मर्त्यलोक, आचार हाच स्वर्ग, अनाचार हाच नरक. आणि आणखी एके ठिकाणी ते म्हणतात: ‘अय्या’ म्हटलं की स्वर्ग, ‘एलवो’ म्हटलं की नरक.

अय्या ही आदराची, मायेची हाक. एलवो म्हणजे अरेतुरेची, तुच्छतेची. आठशे वर्षांपूर्वी त्यांनी स्वर्ग-नरकाचं अंतर एका हाकेएवढं करून टाकलं. आमच्या दोन ‘बे’मधलं अंतरही तेवढंच आहे. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की हाक दोघांमध्ये असते. ती मारणारा एक, ऐकणारा दुसरा. म्हणजे बसवेश्वरांचा स्वर्ग एकट्याच्या डोक्यात मावत नाही. तो माझ्या जिभेवर असतो आणि समोरच्याच्या काळजात उतरतो.

हाकेनं काय होतं याची एक कथा तर थेट सोलापूरची आहे, तेव्हाच्या सोन्नलगीची. बसवेश्वरांच्याच काळातले शिवयोगी सिद्धरामेश्वर इथं तळं खणून घेत होते, देवळं उभारत होते, शेकडो माणसं राबत होती. तिथं त्याच काळातले संत अल्लमप्रभू आले आणि त्यांनी सिद्धरामेश्वरांना ‘ओड्ड रामय्या’ म्हणून पुकारलं, म्हणजे दगडमाती करणारा राम. शिष्यांना तो अपमान वाटला, त्यांनी दगड उचलले. खुद्द सिद्धरामेश्वरही क्रोधानं आले. मग दोघांत संवाद झाला, क्रोध निवला, आणि सिद्धरामेश्वर अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला गेले. शिवयोगी परंपरेत ही कथा मोठ्या आदरानं सांगतात, आणि मलाही ती आदरानंच आठवते. माती उपसणं हे काम तिथं खरोखर चाललेलं होतं, त्या शब्दात हिणकस असं काही नव्हतं. तरी दगड उठले. इतक्या मोठ्या साधकाच्या दारात शब्द असा आग लावू शकतो, तर अकरा दिवस जळलो म्हणून मला स्वतःची लाज वाटायचं कारण नाही, एवढं मला त्या कथेनं दिलं. आणि आणखी एक: आग संवादानं विझली. दोघं समोरासमोर उभे राहिले, बोलले.

इथं एक इशारा देणं मला गरजेचं वाटतं, कारण ‘सगळं मनात असतं’ या वाक्याचा गैरवापर फार होतो. भर उन्हाळ्यात घरमालकानं नळ तोडलेल्या भाडेकरूला हे वाक्य ऐकवणं क्रूरपणा आहे. परिस्थितीचा मनावर किती भार असतो याचा एक नेमका अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांना तेच बुद्धीचे खेळ दोनदा दिले, एकदा ऊस तुटण्याआधी हात तंग असताना आणि एकदा पैसे हातात आल्यावर. माणसं तीच, आधीच्या वेळी गुण कमी पडले. पैशाच्या विवंचनेनं डोक्यातली जागा व्यापली होती. आपला जिल्हा उसाचा, साखर कारखान्यांचा. बिल थकलेल्या शेतकऱ्याच्या घरातलं वातावरण कसं असतं हे इथं समजावून सांगावं लागत नाही. 19 जानेवारी 2024 रोजी कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये 15,000 घरांचं लोकार्पण झालं, विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशांसाठी. वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत काढलेल्या बाईला स्वतःच्या दाराची किल्ली मिळणं हा विचार बदलण्याचा प्रकार नव्हे. ती भिंत आहे, छप्पर आहे. स्वर्गाला विटा लागतात. मन त्या विटांवर काय बांधतं हा त्यानंतरचा प्रश्न.

दुसरा इशारा आजाराचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगू नये असं मनात येत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतून बोलता येतं. साखर वाढली तर आपण दवाखान्यात जातो, तसंच हेही.

माझं प्रकरण आजाराचं नव्हतं, माग थांबत नव्हता एवढंच. तो थांबला अकराव्या रात्री. आमच्याकडं उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि येतं तेही कधीकधी रात्री दोनला. मी जागाच होतो. बायको बॅरलमध्ये पाइप सोडून पायरीवर बसली, मी घागरी धरत होतो. तिनं विचारलं, ‘भाऊजी त्या दिवशी नेमकं काय म्हणाले? अक्षर न अक्षर सांगा.’ मी सांगितलं. ‘तू गप बस बे, तुला काय कळतंय त्यातलं, वडील आजारी असताना तू कुठं होतास?’

ती पाइप सारखा करत म्हणाली, ‘हे शेवटचं ते म्हणालेच नव्हते. मी दारातच उभी होते.’

ज्या गोष्टीकडं परत येतो म्हणालो होतो ती ही. रवंथ करताना मन नुसतं तेच चघळत नाही, त्यात भर घालतं. दर वेळी आठवण बाहेर काढली की ती थोडी नव्यानं विणली जाते, आणि राग असेल तर रागाच्या सुतानं. त्या साखळीत ‘स्मृती बिघडते’ असं म्हटलंय ते वाचताना मला आधी फक्त तत्त्वज्ञान वाटलं होतं. प्रत्यक्षात मी अकरा दिवस ज्या वाक्यानं सर्वात जास्त पोळत होतो, ते वाक्य माझं होतं. वडील आजारी असताना मी पुण्यात नोकरीवर होतो, ही माझीच बोच. मी ती अण्णाच्या तोंडी घातली होती. रौरवातले रुरू.

‘तुम्हाला राग नाही आलेला,’ ती पुढं म्हणाली, ‘वाईट वाटलंय.’

भावनेला बरोबर नाव दिलं की काय होतं यावर 2007 साली लॉस एंजेलिसमधल्या मॅथ्यू लीबरमन या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता. रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं लोकांना दाखवली. त्या भावनेचं नाव शब्दांत निवडायला सांगितलं तेव्हा त्यांच्या अमिग्डालाची खळबळ कमी झालेली मेंदूच्या तपासणीत दिसली. त्या रात्री मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच जाणवलं की ‘राग’ या शब्दानं मुठी आवळल्या जात होत्या आणि ‘वाईट वाटलंय’ म्हटल्यावर मुठी सुटल्या, गळा दाटला. मुठीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. गळा दाटल्यावर करायचं काही नसतं, तो आपला आपण मोकळा होतो.

मामांकडं सूत तुटलं की ते आधी माग बंद करतात. तसाच चालवला तर पुढचं सगळं कापड खोटाचं निघतं. मग वाकून, डोळे बारीक करून तुटलेलं टोक शोधतात. हे सर्वात वेळ खाणारं काम, कारण हजारो सुतांत एकच तुटलेलं असतं. टोक सापडलं की दोन बोटांत चिमटीत धरून गाठ मारतात, ती दिसत नाही इतकी लहान, आणि माग सुरू करतात. तुटल्याबद्दल सुतावर ओरडताना मी त्यांना पाहिलेलं नाही. बायकोनं त्या पायरीवर बसून हेच केलं. थांबवलं, टोक शोधलं.

तिसऱ्या घागरीला फोन वाजला. रात्री अडीचला फोन म्हणजे काळजात धस्स होतं. स्क्रीनवर अण्णाचं नाव.

‘पाणी आलंय का बे तुमच्याकडं?’

‘आलंय.’

‘आमच्याकडं थेंब नाही. झोपलायस का जागाय?’

‘जागाच आहे, अण्णा.’

‘मग दोन घागरी माझ्या भरून ठेव बे. सकाळी येतो न्यायला.’